मावशी म्हणतील तसं

"एवढी थोरली गाडी, पण पाय ठेवायला म्हणून जागा नाही," मागच्या सीटवरून मावशी पुटपुटल्या.

पुढच्या दोघांनी ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. स्टिअरिंगवर साईनाथ होता. शेजारी गाडीचा मालक धनेश, बाळकुमचाच. मागे संचिता, साईनाथची बायको, मांडीवर खोका घट्ट धरून. बाळकुम नाक्यावर तिघं बॉनेट उघडून इंजिन बघत होते, तेवढ्यात मावशी मागे जाऊन खिडकीपाशी बसल्याही होत्या.

"निघायचं ना?" मावशींनी विचारलं. "की अजून कोण यायचंय?"

"नाही मावशी, एवढेच," संचिता म्हणाली. साईनाथने गाडी सुरू केली.

खोक्यात साखरेचं तुळशीवृंदावन होतं. संचिता डोंबिवलीत रुखवत करून देते. लग्नात मांडायचा साखरेचा चौघडा, पालखी, सप्तपदी, असलं सगळं. हात सोन्याचा, पण माल न्यायचा रिक्षाने. गेल्या मोसमात कल्याणच्या एका लग्नात तिचं वृंदावन पोचलं ते साखरेच्या पुडीसारखं. मुलीची आई मांडवात सगळ्यांदेखत म्हणाली, "हे काय, चहात घालायचं?" त्या दिवशी संचिताने घरी येऊन सांगितलं, आता गाडी, नाहीतर धंदा बंद. नवी परवडणारी नव्हती. जवळ होते तीन लाख, त्याच्या पुढे एक पै नाही.

म्हणून ही जुनी, पांढरी, उंच गाडी. आणि म्हणून मांडीवर ते वृंदावन. गाडीची खरी परीक्षा तेच घेणार होतं.

पहिल्याच गतिरोधकाला गाडी डचमळली.

"हिसके देतोस रे," मावशी म्हणाल्या. "नवीन आहेस का?"

"हो मावशी." साईनाथचे कान लाल झाले. "हात बसायचाय अजून."

"क्लच जरा वर लागतो हिचा," धनेशने त्याला सांभाळून घेतलं. "दोन दिवसांत सवय होते."

"एसी इथवर येतच नाही," मावशी म्हणाल्या. "पुढचे तेवढे थंड, मागचे उकडून काढा."

धनेशने निमूटपणे एसी वाढवला. संचिताने खोक्याचं झाकण किलकिलं करून पाहिलं. तुळस जागेवर होती.

"आण इकडे," मावशी म्हणाल्या. "मी धरते. तुझ्या मांडीवर बघ कसं डुलतंय ते. गाडीत बसलीयस की पाळण्यात?"

संचिताने खोका दिला. मावशींनी तो नातवाला घ्यावं तसा पदराखाली घेतला.

माजिवड्याला साईनाथने विचारलं, "इथून फिरवू का परत?"

"परत कशाला?" मावशी मागून म्हणाल्या. "सरळ टेंभी नाक्याला घे."

साईनाथने धनेशकडे पाहिलं. धनेशने साईनाथकडे पाहिलं.

"मावशी म्हणतायत तर घेऊया," धनेश म्हणाला.

"हो हो, मावशी म्हणतील तसं," साईनाथ म्हणाला.

पूल चढला, उतरला. मग गर्दी लागली. एक बस अंगावर आली, एक स्कूटर आडवी गेली, साईनाथने करकचून ब्रेक मारला. संचिताने डोळे मिटून घेतले.

"काही नाही झालं," मावशी खोक्यात डोकावून म्हणाल्या. "तुळस आहे, दिवा आहे, बाजूचा हत्तीपण आहे. तू केलंस हे? बाई गं."

संचिताने डोळे उघडले. मनातल्या मनात ती पुढच्या मोसमाची पालखी करायलाही लागली होती.

टेंभी नाक्याच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली आणि बोलणं सुरू झालं.

"तीन साठ," धनेश म्हणाला. "टायर चारही नवीन आहेत. कागद साफ."

"दोन ऐंशी," साईनाथ म्हणाला. "मागचा दरवाजा दोनदा ओढल्यावर लागतो."

"दादा, दोन ऐंशीत काय, नुसते टायर नेणार का? तीन चाळीस, बास."

"नाही जमणार ओ."

"मग राहू दे."

संचिता नवऱ्याच्या पाठीकडे बघत राहिली. वृंदावन अख्खं पोचलं होतं आणि गाडी हातची जात होती.

"ए पोरांनो," मावशी कावून म्हणाल्या, "कोळणीपुढे बसल्यासारखे काय बसलात? तू उतर, तू चढ. तीन म्हणा आणि मिटवा. मला उशीर होतोय!"

धनेशने मागे वळून मावशींच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे घासाघीस चालेलसं दिसेना.

"तीन," तो म्हणाला. "मावशी बोलल्या म्हणजे विषय संपला."

साईनाथने त्याचा हात दोन्ही हातांत धरून हलवला. संचिताच्या डोळ्यांत पाणीच आलं. ती खाली उतरली, पलीकडे जाऊन मावशींचं दार उघडलं आणि भर नाक्यावर त्यांच्या पाया पडली. मागोमाग साईनाथ वाकला. मग धनेशही वाकला.

"सुखी राहा," मावशी म्हणाल्या. खोका संचिताच्या हाती देऊन त्या खाली उतरल्या आणि त्यांनी पर्स उघडली.

धनेशने हसत हात पुढे केला. "द्या मावशी, तुमच्याच हाताने इसार द्या. तुमच्या घरी चाललीय गाडी."

"त्यांच्या घरी?" संचिता म्हणाली. "अहो, त्या तुमच्या आई ना?"

"माझ्या? मला वाटलं, तुमच्या सासूबाई!"

मागच्या रिक्षाने हॉर्न मारला. कोणी हललं नाही. शेवटी साईनाथनेच विचारलं.

"मावशी, राग मानू नका, पण... तुम्ही नक्की कोणाच्या?"

"कोणाच्या म्हणजे?" मावशींनी वीसची नोट धनेशच्या हातावर टेकवली. "बाळकुमची सीट मी. आणि वीसच देणार हं. शेअर रिक्षावालापण तेवढेच घेतो, आणि तो वाटेत गाडी विकत बसत नाही."