वाट्याचा गारवा

कॉम्प्युटर जुळवताना परागने ग्राफिक्स कार्डावर महिनाभर काथ्याकूट केला होता. तो तापू नये म्हणून लागणारा कूलर मात्र दुकानदाराने सुचवला तोच उचलला. "याची गरम हवेची नळी शेजारच्या भिंतीत सोडायची. तुमच्या वाट्याचा गारवा शिल्लक राहतो," तो हळूच म्हणाला होता. नागपुरात गारवा घरटी मोजून मिळायला लागल्यापासून असले कूलर चोरून विकले जात.

आज शेजारच्या ठवकरकाकू दारात आल्या. "तुला यंत्रातलं समजतं ना रे पराग? आमची भिंत तापते. लेक बाळंतीण आहे घरात. जरा बघतोस?"

त्यांच्या घरात पाळणा भिंतीपासून ओढून दाराशी आणला होता. बाळ घामोळ्यांनी लाल झालं होतं. परागने भिंतीला हात लावला आणि लगेच काढून घेतला.

"बघतो," एवढंच तो बोलला. घरी येऊन त्याने नळी उपटली.

दुसऱ्या दिवशी काकू पन्हं घेऊन आल्या. "तू नुसता हात लावलास अन् भिंत निवली बघ. बाळ शांत झोपलं."

पेला थंडगार होता. त्यांनी तो आपल्या वाट्यातून गार केला होता, आणि परागने तो संपवेपर्यंत त्या कौतुकाने बघत उभ्या राहिल्या.