बापूंखालच्या तीन रेघा

फाइल सकाळीच मेलवर आली होती, पण दुपार झाली तरी वसुंधराने ती उघडली नव्हती. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, शेजारी कागदात गुंडाळलेली जलेबी, आणि खिडकीतून आलेलं फेब्रुवारीचं ऊन. त्या उन्हात हात ठेवून ती नुसती बसली होती.

"आत्या, उघडायलाच हवी का?" फोनवर अनुष्काने विचारलं. अनुष्का म्हणजे तिच्या मोठ्या भावाची, अरविंदची मुलगी. अरविंद गेल्यापासून माहेरचा म्हणून जो काही फोन येतो, तो हिचाच.

"क्यों? फाइलमध्ये व्हायरस-बियरस आहे की काय?"

"नाही गं." अनुष्का म्हणाली. "आजोबांनी ठेवली होती तशीच पाठवलीय. मी काही बदललं नाही."

आजोबा म्हणजे चिंतामण सबनीस, वसुंधराचे बापू. संस्थानाचं दप्तर सांभाळणाऱ्या घराण्यातले. ऐंशी उलटल्यावर कॉम्प्युटर शिकले, ते फक्त घराण्याची वंशावळ करायला. तारखांचे इतके पक्के, की शेजारपाजारचे आपल्याच मुलांच्या बारशाची तारीख त्यांना विचारायला यायचे. गेल्या वर्षी ते वारले आणि त्यांचं ते मशीन अनुष्काकडे आलं.

वसुंधराने बेटमा गावच्या शामजी पाटीदारांशी कोर्टात लग्न केलं, त्यानंतर बापू तिच्याशी एक अक्षर बोलले नाहीत. तेही एकाच शहरात राहून. लग्नाची खबर कळली त्या संध्याकाळी ते कृष्णपुऱ्याच्या घाटावर गेले आणि नदीत उतरून डोक्यावरून पाणी घेऊन आले, असं धाकट्या सुशांतने तिला पुढे सांगितलं होतं. बापू तापट. डोकं थंड करायला गेले असतील, असं म्हणून ती हसायची.

एकदा सराफ्यात दोघं अगदी समोरासमोर आले. बापूंनी तिच्याकडे पाहिलं आणि पुढे गेले. त्या नजरेत राग नव्हता. तिथे कुणी उभंच नसावं, तसे ते गेले. तिला मात्र ते खूप दिवस लागून राहिलं.

बोलले नाहीत, ते नाहीत. पण वंशावळीत त्यांनी आपल्याला ठेवलं की नाही, एवढंच तिला पाहायचं होतं. ठेवलं असेल तर बाकीचं सगळं ती सोडून द्यायला तयार होती.

"आणि एक सांगते," अनुष्का म्हणाली. "एक्स्पोर्ट करताना प्रायव्हसीचं सेटिंग चालू होतं. जिवंत माणसांची नावं सॉफ्टवेअर झाकतं. नुसता करडा चौकोन येतो. नावं दिसतील ती गेलेल्यांचीच."

"म्हणजे मी करडी. केसांना मॅचिंग."

अनुष्का हसली नाही. "फुफाजी आहेत ना घरी?"

"येतीलच दुकानातून. आज आमची ॲनिव्हर्सरी, आज तरी शटर लवकर पडायला हवं."

"ते आले की बघ," अनुष्का म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

पण वसुंधराला तेवढा धीर कुठला. तिने 'इम्पोर्ट' दाबलं. एक निळी पट्टी हळूहळू भरत गेली. मग पांढऱ्या पडद्यावर चौकोन उमटायला लागले, आधी एक, मग दोन, मग सगळीकडे. ती त्यांच्यातून सावकाश खाली उतरत गेली. मूळपुरुष गोविंदराव. त्यांच्या दोन्ही बायका. तान्हेपणी गेलेली मुलं, त्यांनाही बापूंनी नाव देऊन ठेवलं होतं. लहानपणी जेवणानंतर शतपावली घालताना बापू हीच नावं म्हणायचे आणि ती त्यांचं बोट धरून चालता चालता पेंगायची. आताही तिचे डोळे जड झाले. बाहेर कुणीतरी भंगारवाला ओरडत होता, त्याचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटत होता.

मग बापू आले. नाव, जन्म, मृत्यू. शेजारी आई, कुमुदिनी. दोघांच्या खाली एक रेघ, आणि तिला फुटलेल्या तीन रेघा.

तिने पडद्यावर बोट ठेवून मोजल्या. तीनच. अरविंद, मी, सुशांत. तिला एकदम रडू आलं आणि ते तिने येऊ दिलं.

शामजी आत आले ते हातात मोगऱ्याची वेणी घेऊन. बायको रडताना पाहून दारातच थबकले.

"क्या हुआ, वसु?"

"बापूंनी ठेवलंय मला," ती म्हणाली. "पुसलं नाही. तीन रेघा आहेत, बघा तुम्ही."

शामजींनी वेणी टेबलावर ठेवली. त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. कोर्टाबाहेर उभे असलेले दोघं, दोघंही घाबरलेले, आणि खाली स्टुडिओवाल्याने घातलेली तारीख, २० फेब्रुवारी १९८६.

"चालीस साल," ते म्हणाले. "चला, आज सासरेबुवांनी शगुन पाठवला म्हणायचा. दाखव, तू किधर आहेस?"

"नाव नाही दिसणार हं. मी करडी असणार."

तिने डोळे पुसले आणि चित्र मोठं केलं. पहिला चौकोन अरविंदचा, नावासकट. शेवटचा करडा, तो सुशांत. शामजी चष्मा लावून टेबलावर वाकले आणि मधल्या चौकोनावरची अक्षरं एकेक करून लावू लागले.

"कोण म्हणतं नाव नाही?" ते खुशीत म्हणाले. "पूरा नाव लिहिलंय की."

वसुंधराने वाचलं.

वसुंधरा चिंतामण सबनीस. जन्म ९ जून १९६२. मृत्यू २० फेब्रुवारी १९८६.