चिकटवलेली पानं

अठ्ठावन्न साली अकोल्याच्या मुलींच्या शाळेत सातवीतली केशर विहिरीमागे रडत होती. “बाई, मी मरून राहिली! कोनाले सांगू नका.” परकरावर रक्ताचा डाग होता. अशी घाबरलेली ती पहिली नव्हती. तिला समजावून सुभद्राबाई तणतणत वाचनालयात गेल्या. मुलींसाठी मागवलेल्या आरोग्याच्या पुस्तकातली नेमकी पाळीचीच पानं मोठ्या बाईंनी खळ लावून चिकटवली होती. “पोरी बिघडतील,” मागोमाग आलेल्या मोठ्या बाई म्हणाल्या. “अन् भेवानं मेल्या तर?” सुभद्राबाईंनी पानं किटलीच्या वाफेवर धरली. ती सुटली, पण चित्र अर्धं फाटलं. त्यांचं डोकंच फिरलं. सातवीच्या वर्गात जाऊन त्यांनी ते चित्र फळ्यावर काढलं. मोठ्या बाई धापा टाकत दारात आल्या. “आत या नाहीतर बाहेर जा,” सुभद्राबाई वळूनही न पाहता म्हणाल्या, “पन दार लावा.” मोठ्या बाईंनी दार लावलं, आतून.