बिनकाचेचा चष्मा

हातात धरायच्या लेझरचा झोत अडवणारे चष्मे त्या कारखान्यात बनत. झोत मोजायचं यंत्र मात्र मालकानं कधी आणलंच नाही. माणूस होता ना! बापानं चष्मा घालून बसायचं, लेकीनं समोरून लेझर मारायचा आणि विचारायचं, "दिसतं?" बाप "नाही" म्हणाला की चष्म्यावर शिक्का. "दिसतं" म्हणाला की चष्मा भंगारात.

लेक कामाला लागली त्या दिवशी बाप खोलीच्या दुसऱ्या टोकाहून ओरडला होता, "अगं झिपरे, गळ्याचं बटण भलत्याच काजात घातलंयस!"

त्याला वर्ष झालं. हल्ली एकही चष्मा भंगारात जात नव्हता. "माल सुधारला!" म्हणून मालक खूश होता.

आज तिनं पेटीतून चष्मा काढला, बापाच्या हातात दिला, त्यानं तो घालताच सवयीनं लेझरचं बटण दाबलं आणि विचारलं, "दिसतं?"

"नाही. मार शिक्का."

तेव्हा तिचं लक्ष गेलं. त्या चष्म्यात काच बसवायचीच राहिली होती. लाल ठिपका थेट बापाच्या उघड्या डोळ्यात होता आणि पापणीसुद्धा हलत नव्हती.

लेझर तिच्या हातातून पडला. "बाबा, याला काच नाहीये..."

बापानं बोटानं चौकट चाचपली. बोट आरपार गेलं. तिचा हुंदका त्याच्या कानावर आला.

"रडू नकोस गं. तुझ्या हातून नाही झालं हे. तू कामाला यायच्या आधीच गेले होते डोळे."

लेकीनं गळ्याचं बटण मुठीत घट्ट धरलं.