नारळांना घाबरलेली होडी

"बाय, तुझी होडी हलत का नाही?" माझ्या बहिणीने धक्क्यावरून माझ्या लेकीला विचारलं.

बिनमाणसाची ही होडी माझ्या या इंजिनिअर लेकीने केली होती. होडीला संगणक चालवायचा. आज कामाला पैसे देणाऱ्या साहेबांसमोर ती बंदराबाहेर गेली नाही, तर सगळं काम बंद होणार होतं.

लेक कळवळली, "आत्या, तरंगणाऱ्या वस्तूंपासून लांब राहायचं, असं तिला शिकवलंय. आणि तुम्ही बायकांनी तिच्याभोवती नारळ सोडलेत!"

"मग नवी होडी नारळाशिवाय दर्यात घालायची?"

"काढते सगळे."

"दर्याला दिलेलं परत घेतात का?"

लेक माझ्याकडे वळली. "बाबा, ओहोटी लागेपर्यंत साहेबांना हलू देऊ नका."

मी साहेबांना तळलेले बोंबील वाढत राहिलो. ते घड्याळ बघत, मी ताट भरत होतो. अखेर पाणी ओसरू लागलं, नारळ बाहेर वाहून गेले आणि होडी आपली आपण बंदराबाहेर पडली.

धक्क्यावर एकच आरडाओरडा झाला. आनंदाच्या भरात बहिणीने पिशवीतून आणखी एक नारळ काढला.

लेकीने धावत जाऊन तिचा हात धरला. "आत्या, हा आपण खाऊ!"