शेवाळी रंगाची गाडी

“हा नाही. अजून काळपट हवा,” बाबांनी झाकणावरचा हिरवा थेंब बोटाने पसरून पाहिला आणि डबा परत सरकवला.

दुकानदाराने सुस्कारा सोडला. लेकीचं मात्र डोकं फिरलं. समोर शेड कार्ड उघडं पडलं होतं, नुसत्या पांढऱ्याच्याच ढीगभर छटा होत्या, आणि बाबांना हवा होता घराच्या भिंतीचा शेवाळी. तोही उन्हापावसाने विटलेला, जसाच्या तसा.

“नव्या गाडीला कोणी जुना रंग देतं का? पांढरा द्या. उन्हात आत भाजून निघाल!”

“लाकूड आहे. भाजत नाही.”

झालं, विषय संपला. बाबांपुढे बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

महिनाअखेर आईबाबांचं घर पाडलं जाणार होतं. लेकीने आपल्या फ्लॅटमधली एक खोली रिकामी करून ठेवली होती. बाबांनी मात्र अंगणात जुन्या ट्रेलरवर लाकडी खोली उभी केली. म्हणे, आम्ही दोघं यातच राहू!

मागच्या वर्षी आई लेकीकडे राहायला आली होती. दुसऱ्याच दिवशी पिशवी घेऊन दाराशी उभी. मला घरी जायचंय, एवढंच म्हणत राहिली. लेकीच्या ते फार जिव्हारी लागलं होतं.

दोघं रंग घेऊन घरी पोहोचतात तोच शेजारीण आईचा हात धरून आली. “कोपऱ्यापर्यंत गेल्या होत्या फिरायला,” ती बाबांकडे बघत म्हणाली. बाबांनी मान हलवली.

“दार लावून घ्या, माशा येतात,” आई येणाऱ्या प्रत्येकाला म्हणायची तसं म्हणाली आणि चहा टाकायला गेली. चहा आला. कप उष्टेही झाले नव्हते, तोवर तिने दुसरा आणून ठेवला. लेकीला वाटलं, भांडण मिटवायला बघतेय बिचारी. त्याने लेक आणखीच भडकली.

“आईला तरी विचारलंत का, कुठला रंग हवा ते?”

गाडीच्या भिंतीवर फिरणारा बाबांचा ब्रश थांबला. “तिच्यासाठीच देतोय.”

“वा! हट्ट तुमचा आणि नाव आईचं! लेक असून आईबाप डबड्यात राहतात, असं लोक मला म्हणणार. सरळ सांगा ना, माझं घर नकोय तुम्हाला!”

बाबा भिंत रंगवत राहिले. लेक पाय आपटत निघून गेली.

घर रिकामं केलं त्या दिवशी बाबांनी टेम्पोला जोडून गाडी ओढत आणली ती थेट लेकीच्या इमारतीमागच्या मोकळ्या जागेत. ती तणतणत खाली आली. “शेवटी माझ्याच दारात आणलंत ना हे ध्यान?”

बाबा आईला टेम्पोतून उतरवत होते. आईने उंच इमारतीकडे पाहिलं आणि त्यांची बाही घट्ट धरली. “मला घरी जायचंय,” ती रडवेली झाली.

मग तिला ती शेवाळी भिंत दिसली. बाही सुटली. भिंतीवरून हात फिरवत आई दारापर्यंत गेली आणि आत जाऊन बाकावर निवांत बसली.

लेक पायरी चढून आत डोकावली. “आई...”

आईने वर पाहिलं. पाहुण्यांसाठी हसावं तशी छान हसली.

“कोण तुम्ही? या ना, बसा. दार तेवढं लावून घ्या, माशा येतात.”