नऊशेची फाइल, दोनची लाईन

“हे कोणी मानणार नाही,” खेमसिंग म्हणाला, “पण नऊशे मेगाबाईटची फाइल साडेसात मिनिटांत नागपुरात पोचली. या डोयानं पाह्यलं.”

दिग्रसच्या स्टँडवर तांड्याकडची गाडी अजून लागली नव्हती. बाजार आटोपलेली माणसं पिशव्यांवर टेकली होती. त्यांनी माना वळवल्या. खेमसिंग गप्पीदास म्हणून तीन तालुक्यांत नावाजलेला. त्याच्या शेतातलं बोंड फोडायला कुऱ्हाड लागे आणि त्याचा बैल दिसला की वाघ रस्ता सोडून उभा राही.

एकच बाई वळली नाही. मथुराबाई. दोघांची शेतं लागून होती. मधल्या धुऱ्यावरच्या, बांधावरच्या, एका बाभळीवरून भांडण झालं तेव्हा ती म्हणाली होती, जीव गेला तरी तुझा उपकार घेणार नाही. त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून बोलणं बंद. पण आत्ताची गोष्ट तिच्याच पोराची होती, म्हणून उठूनही जाता येईना. शेजारी तिची सून उज्ज्वला बसली होती. लग्नाला वर्ष व्हायचं होतं, आणि ती कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसे.

“बोंडअळीचं साल,” खेमसिंग सांगू लागला. “याहिचा प्रेमसिंग फवारता फवारता चक्कर येऊन पडला. डोकं विहिरीच्या काठावर. आत रक्त साकळलं. दिग्रसले मशीनमंधी डोक्याचे फोटो काढले. नागपूरचा डॉक्टर म्हणे, पुरी फाइल धाडा, मोबाइलवरचे चित्रं नको. साडेतीनले मी ऑपरेशनले आत जातो, मंग रातीपर्यंत हाती नाही. आन् घड्यायात तीन वाजले होते.”

मथुराबाईनं त्या फोटोंचा पेन ड्राइव्ह विक्कीच्या इंटरनेट केंद्रात दिला आणि ती अँब्युलन्सकडे पळाली. पोराला नागपूरला न्यायचं की यवतमाळला, हे डॉक्टरच्या तोंडून यायचं होतं. केंद्रात उरले दोघं. विक्की, आणि आधार कार्डासाठी आलेला खेमसिंग.

“दोन मेगाबिटची लाईन होती. नऊशेले दोननं भागा. साडेचारशे सेकंद. विक्कीनं हिशोब केला अन् लाईननं तो पाळला. अशी गेली फाइल, का नाल्यानं पूर जावा. साडेतीनच्या आत डॉक्टरचा फोन. नागपूर झेपणार नाही, यवतमाळले न्या, मी तिथं सांगतो. वाचलं पोट्टं.”

“आन् तुमी काय केलं, काका?” पिशवीवरचा घनश्याम म्हणाला. “या गोष्टीत तुमचा बैल कुठी गेला?”

“मी चहा पेलो. विक्की खुर्चीवरून हालला नाही, मी बाकावरून. सारं त्या लाईननं केलं. तिले हात जोडा.”

मथुराबाई ते खरोखरच करत आली होती. दर दसऱ्याला ती त्या केंद्राच्या उंबऱ्यावर नारळ फोडे. विक्की पुण्याला निघून गेला, केंद्रात चपलांचं दुकान आलं, तरी फोडे.

उज्ज्वला मघापासून बोटांवर हिशोब करत होती.

“काका, बसत नाही हे.”

“काय बसत नाही, बाई?”

“लाईन मेगाबिटात मोजतात, फाइल मेगाबाईटात. आठ बिटांचा एक बाईट. तुमी सरकीसकट कापूस तोलला आन् सरकी काढलेल्या रुईच्या गठाणीशी मिळवून पाह्यला. नऊशे आठी बहात्तरशे. दोनच्या लाईनवर पुरा एक तास. चार वाजले असते. डॉक्टर केव्हाच आत गेला असता.”

खेमसिंगनं तीस वर्षं त्याच जिनिंगच्या काट्यावर कापूस तोलला होता. सरकी आणि रुई यांच्यातला फरक त्याला शिकवणारा अजून जन्माला यायचा होता. तरी तो टोपीखाली डोकं खाजवत बसला.

“लाईन चांगली होती त्या दिवशी,” तो म्हणाला.

“आठपट?”

लोक हसले. खेमसिंगही हसला, जरा जास्तच.

उज्ज्वला हसली नाही. “साडेसात मिनिटांत जायले सोळाची लाईन पाह्यजे,” ती म्हणाली. “त्या साली दिग्रसमंधी तेवढी एकाच जागी होती. आमच्या जिनिंगच्या ऑफिसात, जुने बिलं आहेत माह्याजवळ. केंद्रापासून दीड कोस. म्हणजे फाइल लाईननं नाही गेली, आधी कोणीतरी पेन ड्राइव्ह तिकडे नेला. विक्की तर खुर्चीवरून हालला नाही म्हणता.”

“गाडी लागली वाटते,” खेमसिंग म्हणाला आणि उठायला लागला.

गाडी लागली नव्हती. हसणं थांबलं होतं. मथुराबाई हळूच वळली आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

“लबाड बोलून राह्यला तू, भाऊ,” ती म्हणाली. “त्या बाकावर कोणीच बसलं नव्हतं.”